कोंबड्या आणि बदके : अंगण एक, खुराडी दोन

कोंबड्या पुष्कळ घरी असतात. एखादा त्यांत पाच बदके आणतो. ओढा जवळ आहे, भातखाचर आहे, बदके चरून पोट भरतील, असा त्याचा हिशेब. हिशेब खोटा नाही. बदक गोगलगायी खाते, किडे खाते. त्याचे अंडे कोंबडीच्या अंड्याहून मोठे. पण रात्री बदके ठेवायची कोठे? घरचे म्हणतात, "खुराडं आहेच की! घाला त्यातच." येथेच घोटाळा होतो.

घोटाळा पाण्याचा आहे. कोंबडी चोच बुडवते, मान वर करते आणि घोट गिळते. तिचे पाणी फारसे सांडत नाही. बदकाची तऱ्हा निराळी. ते एक घास घेते आणि पाण्याकडे धावते. चोच, नाकपुड्या, डोळे, सगळे पाण्यात बुडवून धुते. तसे धुता आले नाही तर त्याचे नाक-डोळे चिकटतात. म्हणून त्याला डोके बुडेल इतके खोल पाणी द्यावेच लागते. मग ते चहूकडे उडते. शिवाय बदकाची शिट पातळ. खाली घातलेला भुसा बघता बघता चिंब होतो.

ही ओल कोंबडीला सोसत नाही. ओल्या भुशातून उग्र वास सुटतो. त्याने डोळे झोंबतात, छाती भरते. रक्ती हगवणीचे जंतू ओलीतच वाढतात. मग पिलं पंख पाडून, अंग फुगवून कोपऱ्यात उभी राहतात. लोक म्हणतात, नजर लागली. नजर कसली? मूठभर भुसा घ्या आणि दाबा. मूठ उघडली की भुसा मोकळा झाला पाहिजे. गोळा राहिला तर तो ओला. त्याच दिवशी काढा आणि कोरडा घाला. बदकालासुद्धा निजायला कोरडी जागाच लागते.

आता जागेचे गणित. पाटी घ्या. रात्री आत एका कोंबडीला निदान 2 चौरस फूट जागा द्यावी. बदकाला 4. ते दांडीवर बसत नाही, जमिनीवरच निजते. तुमचे खोपट 8 फूट लांब, 5 फूट रुंद आहे. 8 गुणिले 5, म्हणजे 40 चौरस फूट. 10 कोंबड्यांना 20 गेले, 5 बदकांना 20 गेले. जागा संपली! याहून जास्त पाखरे कोंबली तर ती एकमेकांना टोचतात, पिसे उपटतात, अंडी फोडतात.

खोपटाच्या मधोमध कूड घाला. तो छपरापर्यंत न्या, नाहीतर कोंबडी उडून पलीकडे जाते. दारे दोन ठेवा. कोंबड्या उजाडताच सोडाव्यात. बदके मात्र 9 वाजेपर्यंत कोंडून ठेवावीत. ती बहुधा पहाटे अंडी घालतात. लवकर सोडली तर तुमचे अंडे ओढ्यात!

दिवसा दोघांनी एका अंगणात हिंडायला हरकत नाही. पाणी मात्र वेगळे. कोंबड्यांचे भांडे हातभर उंच ओट्यावर ठेवा. तेथे कोंबडी उडी मारून जाते, जड बदकाला ते जमत नाही. बदकांचे घमेले बाहेर, वाळू-खडीवर ठेवा. सहा माद्यांना एक नर पुरे. नर जास्त झाले की कोंबड्यांच्याही मागे लागतात आणि त्यांना जायबंदी करतात.

वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. 2006 साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली. भारतातली ती पहिलीच. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. या रोगाची खोड वाईट. जंतू अंगात असूनही बदक पुष्कळदा धडधाकट दिसते, आणि शेजारच्या कोंबड्या पटापट मरतात. रानबदके उतरतात त्या तळ्यावर आपली बदके दिवसभर सोडायची आणि रात्री कोंबड्यांत घालायची, हे धोक्याचे आहे.

जागा लहान आहे, कुडाला पैसे नाहीत, तर यंदा कोंबड्याच ठेवा. बदके पुढच्या साली आणा. आणि एकाएकी पाखरे मरू लागली तर ती ओढ्यात फेकू नका, कापून खाऊ नका. पोरांना दूर ठेवा, मेलेल्या पाखराला उघडा हात लावू नका, आणि जनावरांच्या दवाखान्यात लगेच वर्दी द्या.