बंबातलं लाकूड

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र तुमच्या आंघोळीच्या पाण्याचाच आहे.

डिसेंबरात पहाटे बंबापाशी बादल्यांची रांग लागते. एकदा माझा भुसावळचा रूम पार्टनर जळणाचा वास घेऊन म्हणाला, "अरे, हे तर रेल्वेचे जुने स्लीपर!" बंबवाले मामा खूश होते. "हाई लाकूड लगेच पेटस, भाऊ." पेटणारच! सिमेंटचे स्लीपर येण्याआधी लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरवत. ते निघतं दगडी कोळशाच्या डांबरातून, आणि त्यात बेंझोपायरीनसारखी कॅन्सर करणारी संयुगं असतात.

पण मला जास्त भीती वाटली ती ढिगातल्या हिरवट तुकड्यांची. १९३३ साली डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंती कामेसम यांनी 'आस्कू' शोधून काढलं. आर्सेनिक आणि तांबं वाळवी-बुरशीला मारतात, क्रोमियम त्या दोघांना लाकडात घट्ट बसवतं. शोध मोठाच, सातपुड्यातलं सागवान सगळ्यांना कुठून परवडणार? मात्र पावसात थोडं थोडं आर्सेनिक मातीत उतरतंच, म्हणून अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी असं लाकूड तयार करणं थांबलं.

खरी गडबड जाळल्यावर होते. आर्सेनिक मूलद्रव्य आहे, ते जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत राहतं. विस्कॉन्सिनमधलं एक कुटुंब हिवाळ्यात असंच लाकूड घरात जाळायचं. सगळे आजारी पडले, केस गळाले. १९८४ मध्ये डॉक्टरांनी ती केस छापली.

आणि आपली राख? मेसच्या मावशी तिनेच पातेली घासत होत्या!

आम्ही दोघं रेक्टर सरांकडे गेलो. नुसत्या रंगावरून खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. सर आधी हसले, मग स्वतः उठून ढीग बघायला आले. आता बंबात बाभूळ जळते, मावशींना पावडर मिळाली. ढीग मात्र मागच्या भिंतीशी तसाच पडलाय, कारण टाकायचा कुठे? परवा शेजारच्या वस्तीतल्या एक आजी विचारत होत्या, "भाऊ, चुलीले नेऊ का?" नको म्हणालो. का नको, ते समजावता समजावता माझं पहिलं लेक्चर बुडालं.