ससा शिंकू लागल्यास



उसाच्या जोडीला ससेपालन करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ससा शिंकतो, नाकातून पांढरा चिकट शेंबूड येतो आणि नाक पुसून पुसून त्याच्या पुढच्या पायांचे केस चिकटतात. ही साधी सर्दी नव्हे. बहुधा हा पाश्चुरेला जिवाणूचा रोग असतो. आपल्या बैल-म्हशींना घटसर्प होतो तो याच जिवाणूमुळे, फक्त प्रकार वेगळा. पिंजऱ्याखाली मूत साचून डोळे झोंबतील असा वास सुटला की रोग बळावतो. तेव्हा लेंड्या रोज काढा, हवा खेळती ठेवा आणि शिंकणारा ससा लगेच वेगळा करा. तो बरा दिसला तरी रोग नाकात दडून राहू शकतो. पैदाशीला ठेवू नका.

आता मुख्य सांगायचे ते. घरात उरलेली अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन अशी पेनिसिलिन गटातली गोळी सशाला चारू नका. सशाचे पचन आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंवर चालते. या गोळीने ते मरतात, विषारी जिवाणू माजतात, हगवण लागते आणि ससा काही दिवसांतच दगावतो. सर्दी राहते बाजूलाच!

मी पडलो उसाचा माणूस. औषध पशुवैद्यकानेच ठरवावे. गोळी आधीच दिली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा.

— ऊस विकास अधिकारी