पाना खाली ठेव, आधी लाकूड बघ

साउदॅम्प्टन, फेब्रुवारी

चि. निखिल,

तू पाठवलेला व्हिडिओ नीट पाहिला. गिअर पुढे टाकला की इंजिनाचं डाव्या बाजूचं मागचं माउंटिंग उचललं जातं आणि रिव्हर्सला टाकला की दाबून बसतं, हे स्वच्छ दिसतंय. स्क्रू नुसता फिरतो, आवळला जात नाही, तर एक साइझ मोठा टाकू का, असं तू विचारलंस. टाकू नकोस. मोठा स्क्रू आज पकड घेईल, तू खूश होशील, आणि ऐन मोसमात तो पुन्हा सुटेल. कीड न काढता दातात चांदी भरावी तसं ते होईल. स्क्रू सैल झालेला नाही, तो ज्यात रुतलाय ते लाकूड गेलंय.

तुझ्या बोटीच्या काळातल्या पुष्कळ फायबरच्या बोटींत इंजिनाचा पाया, म्हणजे बेअरर, आतून लाकडाचाच असतो. हलच्या तळावर लाकडी ओंडके किंवा प्लायवूड बसवायचं आणि त्यावरून काचेच्या मॅटचे थर रेझिनने चढवायचे, अशी रीत होती. रत्नागिरीला मिरकरवाड्यात तू लाकडी ट्रॉलर पाहिले आहेस. तिथे पायाचं लाकूड उघडं असतं, कुजू लागलं तर तांडेलाच्या नजरेला पडतं. फायबरमध्ये ते बंदिस्त असतं. वरून गुळगुळीत, रंगवलेलं, आणि स्क्रूच्या भोकातून झिरपलेलं पाणी आत वर्षानुवर्षं मुरत राहतं.

तुझ्या सेंटॉरच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. लॉरंट जाइल्स यांच्या कचेरीने आखलेली ही २६ फुटी बोट १९६९ मध्ये आली आणि वेस्टर्लीने अशा दोन हजारांहून जास्त बांधल्या. कारखाना वॉटरलूव्हिलला होता, म्हणजे तुझ्या एम्सवर्थच्या मुरिंगपासून अगदी जवळ. आधीच्या मालकाने जुनं इंजिन काढून बीटाचं तीन सिलिंडरचं डिझेल बसवलं, असं तू म्हणाला होतास. नव्या इंजिनाच्या पायांचं अंतर जुन्यापेक्षा वेगळं असतं. त्यासाठी नवी भोकं पाडली असणार. मग जुनी भोकं बुजवली का? फोटोत डाव्या बेअररवर माउंटिंगच्या पुढे मला एक काळा ठिपका दिसतोय. तो डाग वाटत नाही, उघडं भोक वाटतं. ते आधी तपास.

तपासायचं असं. सैल स्क्रू काढ आणि त्याचे आटे बघ. ओले, तपकिरी तंतू चिकटून आले तर समजायचं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बेअररवर पुढून मागे ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजल्या जागी बद्द. शेवटी बेअररच्या कुशीत, खालच्या बाजूला, ४ मिलिमीटरचं भोक पाड. हलच्या दिशेने नको, आडवं पाड. ड्रिलवर कोरडी, फिकट भुकटी आली तर ठीक. काळपट, ओला लगदा आला तर अर्धा हात पुढे जाऊन पुन्हा बघ. कोरडं लाकूड लागेपर्यंत पुढे सरकत राहायचं. किती कापायचं हे ती भुकटीच ठरवेल. उजवी बाजूही बघायचीच, ती हलत नसली तरी.

कापायला घेण्याआधी मापं घे. चारही माउंटिंगच्या भोकांचा प्लायवूडचा साचा कर आणि बेअररची उंची हलच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून लिहून ठेव. माउंटिंगच्या नटांवर थोडेच मिलिमीटर वरखाली करता येतं. पाया त्याहून चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. हे काम बोट किनाऱ्यावर, स्टँडवर असतानाच कर. बॅटरीची जोडणी सोडव, डिझेलचा कॉक बंद कर. कपलिंग सोडवण्याआधी शाफ्टवर एक जुबिली क्लिप घट्ट बसव, म्हणजे तो मागे घसरून बाहेर जाणार नाही. इंजिन शंभरेक किलोंचं आहे. चेनब्लॉक शिडाच्या बूमला टांगू नकोस, कॉकपिटच्या दोन्ही बाकांवर जाड तुळई आडवी टाक आणि तिला टांग. टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

बेअररची फक्त वरची कातडी काप. बाजूच्या भिंती चांगल्या असतील तर राहू दे, त्या तुला साच्यासारख्या उपयोगी पडतील. आतलं कुजकं लाकूड पटाशीने पूर्ण काढ आणि पोकळी हीटर लावून खरोखर वाळू दे. इथल्या फेब्रुवारीत त्याला वेळ लागतो, लागू दे. आत नवं लाकूड म्हणून तुझे बाबा साग सुचवतील. घरी आपण सागाशिवाय दुसरं नाव घेत नाही, पण सागात तेल असतं आणि इपॉक्सी त्याला नीट धरत नाही. बीएस १०८८ चं मरीन प्लाय घे, थर एकमेकांना चिकटवून ओंडका कर आणि कडा इपॉक्सीने भिजव. माउंटिंग येतील तिथे प्लायच्या माथ्यावर १० मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी गाड आणि तिच्यात आटे पाड. मग बोल्ट लोखंडात जाईल, लाकडात स्क्रू पिळायची गरजच उरणार नाही. बोल्ट खाली लाकडात जिथे उतरतो तिथलं भोक मोठं पाड, इपॉक्सीने भर, आणि ते कडक झाल्यावर मधोमध पुन्हा ड्रिल कर. लाकडाला पाणी पोचायची वाट बंद झाली पाहिजे.

रेझिन इपॉक्सीच वापर. स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर आणशील, पण ताजं पॉलिएस्टर जुन्या थराला तेवढं धरत नाही. इपॉक्सी घेतलंस तर साधी चॉप्ड मॅटही नको. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. शिवलेलं बायअॅक्सियल कापड आण. जुनी कड उतरती घासून घे, जाडीच्या साधारण बारापट रुंद. त्याआधी डिझेल आणि तेलाचा अंश अॅसिटोनने पुसून काढ. आधी घासलंस तर तेल आत चोळलं जाईल. तापमान १० अंशांच्या खाली असेल तर त्या दिवशी रेझिन कालवूच नकोस. काचेची धूळ फुप्फुसात आणि इपॉक्सी कातडीवर जाता कामा नये. मास्क एफएफपी३ चा, हातमोजे नायट्राइलचे. इपॉक्सीची एकदा अॅलर्जी जडली की ती जन्माची.

माउंटिंग चारही नवी घे. तीन जुनी ठेवून एक बदललंस तर बसकं रबर आणि ताठ रबर यांत इंजिन वाकडंच राहणार. जुन्यांवरची काळी भुकटी तू दाखवलीस, ते रबर डिझेलने खाल्लंय.

आणि आता सगळ्यात जपून करायचा भाग. अलाइनमेंट किनाऱ्यावर करायची नाही. तुझ्या बोटीला दोन कील आहेत, ओहोटीला ती एम्सवर्थच्या चिखलात त्यांच्यावर उभी राहते आणि तरंगताना हलचा आकार किंचित बदलतो. बोट पाण्यात उतरव, नवं रबर इंजिनाच्या वजनाने दोन-तीन दिवस बसू दे, आणि भरतीला, बोट मोकळी तरंगत असताना कपलिंग जुळव. फीलर गेज चार ठिकाणी घाल: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा, जास्त फरक नको. तुझं ४ इंची असेल तर ०.१ मिलिमीटर. चेकनट आवळल्यावर पुन्हा मोज, आवळताना ते हमखास हलतं.

शिडाची बोट आहे, इंजिन लागतं किती, असं तू मागे म्हणाला होतास. चिचेस्टर हार्बरच्या तोंडावरच्या वाळूच्या बारवर ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून दक्षिणेचा जोरदार वारा आला की तिथे लाटा उभ्या राहतात. त्या वेळी हललेल्या इंजिनामुळे शाफ्ट वाकडा फिरत असेल तर कटलेस बेअरिंग खाल्लं जाईल, स्टर्न ग्लँडमधून पाणी आत येईल, डिझेलची नळी तडकेल. आरएनएलआयच्या लाइफबोटींना इंजिन बंद पडलेल्यांसाठी किती वेळा धावावं लागतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे होईपर्यंत बारच्या बाहेर जाऊ नकोस, आणि सायलीला व मुलांना तर मुळीच नेऊ नकोस. ईस्टरची आयल ऑफ वाइटची सहल पुढे ढकल. मुलं रुसतील, त्यांना मी समजावीन.

विमा कंपनीला मात्र काम सुरू करण्याआधी लेखी कळव, आणि उघड्या बेअररचे फोटो तारखेसकट ठेव. एवढ्या जुन्या बोटीचा सर्व्हे ते मागतातच.

लाकूड उकरलंस की मला फोन कर. थर चढवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालतो. कपलिंग जुळवायचा दिवस भरतीचं वेळापत्रक बघून ठरव, शक्यतो शनिवार. माझा फीलर गेज घेऊन मी येतो.

तुझा,
मामा