मध्यमलहरींवरील मराठी : मुंबई आकाशवाणीचा लेखक-कर्मचारी आणि वसईचा श्रोता

आधुनिक मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, नियतकालिके आणि रंगभूमी या तीन साधनांचा आधार घेतो. आकाशवाणीचा उल्लेख येतो तो बहुधा लेखकाच्या चरित्रात. अमुक साली नोकरी धरली, अमुक साली सोडली, एवढाच. त्या नोकरीत त्याने जे लिहिले त्याचे वाङ्मयीन स्वरूप कोणते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात मुंबई केंद्राच्या मराठी प्रक्षेपणाकडे दोन टोकांकडून पाहिले आहे. एका टोकाला केंद्रावरचा पगारी लेखक आहे, तर दुसऱ्या टोकाला वसई-विरार पट्ट्यातील श्रोता. वसईची निवड सहेतुक आहे. हा प्रदेश मुंबईच्या लहरींच्या टप्प्यात होता. मुंबईची सभागृहे, ग्रंथालये आणि साहित्यिक बैठका मात्र त्याला आगगाडीच्या अंतरावर होत्या.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. या केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॉट शक्तीचा होता आणि त्याचा परिणामकारक टप्पा सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, मानला जाई. चर्चगेटपासून रेल्वेने वसई रोड ५२ किलोमीटर आणि विरार ६० किलोमीटर. सरळ रेषेतील अंतर थोडे कमी भरते हे लक्षात घेतले, तरी हा पट्टा त्या पहिल्या वर्तुळाच्या कडेवरच येतो. अर्थात तेव्हा ऐकणारे होते तरी किती? १९३० अखेर साऱ्या देशातील रेडिओ-परवाने आठ हजारांच्या आतच होते. कंपनी त्याआधीच बुडाली आणि एप्रिल १९३० पासून सरकारने ही सेवा हाती घेतली. १९३६ मध्ये तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी पश्चिम रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. पण वसईचा भाजीवाला, फूलवाला आणि चाकरमानी यांची मुंबई या दोन मार्गांनीच जवळ आली, हे खरे.

पुढे मालाडच्या मार्वे परिसरातील उच्चशक्ती प्रक्षेपकांनी चित्र पालटले. मध्यमलहरींची भूलहर जमिनीच्या पृष्ठालगत प्रवास करते. कोरड्या, खडकाळ भूमीवर ती लवकर क्षीण होते. खाऱ्या पाण्यावर मात्र फार दूरवर टिकते. मालाड आणि वसई यांच्यामध्ये जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर, आणि त्यात खाडी व समुद्र. त्यामुळे वसईच्या किनारी गावांत मुंबई केंद्र साध्या संचावरही स्पष्ट ऐकू येणे स्वाभाविक होते. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की होणारी खरखर तेवढी अटळ होती. आयामनिष्ठ प्रक्षेपणाचा हा अंगभूत दोष आहे. शब्द या खरखरीतून पार जावा लागे, म्हणून वाक्य आखूड हवे, क्रियापद हाताशी हवे, महत्त्वाचे नाम पुन्हा उच्चारावे, ही पथ्ये आली. नभोवाणीच्या गद्याचे व्याकरण असे काही अंशी तंत्राने ठरवले.

हे गद्य लिहिणारा माणूस कोण होता? बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत साहित्यिक आणि संगीतकार यांना ‘निर्माता’ म्हणून केंद्रांवर नेमण्याची योजना आली. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीत आले आणि १९५९ मध्ये दिल्लीच्या नवजात दूरदर्शनकडे गेले. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून सुमारे तीन दशके पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांशी निगडित राहिले. मुंबई केंद्रावर मंगेश पाडगावकर आणि यशवंत देव होते. मराठी भावगीताला घरोघर पोहोचवण्यात या केंद्राचा वाटा किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको. ही नावे मोठी आहेत आणि म्हणूनच काहीशी दिशाभूल करणारीही. त्यांच्या भोवती उद्घोषक, संहितालेखक, नाट्यकलावंत आणि वादक यांचा जो वर्ग होता तो ‘स्टाफ आर्टिस्ट’ या नावाने, करारावर काम करी. यांतील अनेकांना नियमित शासकीय सेवेचे स्थैर्य लाभले ते १९८०च्या दशकात. सरकारी कचेरीत बसलेला, पण सरकारी नोकर नसलेला असा हा लेखक होता. वाङ्मयेतिहासातही त्याचे स्थान असेच अधांतरी राहिले.

‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेचे उदाहरण येथे बोलके ठरेल. प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भाऊजी ही त्रयी मुंबई केंद्राच्या श्रोत्यांना घरच्यासारखी परिचित होती. टेकाडे भाऊजी कसे दिसतात हे कोणी पाहिलेले नव्हते. ते कसे बोलतात हे मात्र सर्वांना ठाऊक होते. केवळ आवाज, लकब आणि बोलण्याची लय यांवर पात्र उभे करणे ही अस्सल वाङ्मयीन कृती आहे. कथा-कादंबरीतील संवादलेखनाचे विवेचन आपण पानेच्या पाने करतो. या संवादांबद्दल मात्र समीक्षा जवळजवळ मूक आहे. श्रोत्याला पात्राचे नाव आठवते, नटाचे आठवते. लेखकाचे नाव विचारले तर तो गप्प होतो. यात श्रोत्याचा दोष नाही. लेखकाचे नाव उद्घोषणेत एकदा उच्चारले जाई आणि हवेत विरून जाई. मुखपृष्ठ नावाची सोय या वाङ्मयाला नव्हती.

याच्या उलट ‘गीतरामायण’. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने, ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांत आणि सुधीर फडके यांच्या संगीतात ते १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. काव्याची व्याप्ती पंचांगाने आणि कार्यक्रम-पत्रिकेने ठरावी, याकडे अभ्यासकांनी गमतीची गोष्ट म्हणून पाहिले. वस्तुतः नियतकालिक प्रक्षेपण हा या रचनेच्या घाटाचाच भाग आहे. मुद्दा असा की १९५७ मध्ये ते ग्रंथरूपाने आले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, म्हणून ते वाङ्मय ठरले. ज्या हजारो संहितांना ग्रंथ लाभला नाही, त्यांचे काय? ध्वनिफिती महाग असत. एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करणे ही केंद्रांवरची नित्याची काटकसर होती. पुसलेली फीत ही मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने हस्तलिखिताला लागलेल्या वाळवीपेक्षा वेगळी नाही.

आता श्रोत्याकडे वळू. वसई परिसरात सामवेदी (कादोडी), वाडवळी, कोळी, वारली अशा बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. येथील अनेक घरांत प्रमाण मराठी ही शाळेची आणि छापील कागदाची भाषा होती. ती दररोज कानावर पडावी असे प्रसंग मर्यादित होते. १९६०च्या दशकात यात दोन बदल घडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) येथील ख्रिस्ती उपासना लॅटिनऐवजी मराठीतून होऊ लागली. आणि ट्रान्झिस्टर सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागला. एका वाटेने प्रार्थनेची मराठी आली, दुसऱ्या वाटेने बातमीची, ‘वनिता मंडळा’ची, ‘कामगार सभे’ची, ‘आपली आवड’ची. एक गंभीर आणि विधिबद्ध, दुसरी गप्पांच्या अंगाने जाणारी. वसईच्या पुढील पिढीतील लेखकांच्या गद्यात या दोन्ही लयी शोधता येतील, असे आम्हांस वाटते. तसा शैलीवैज्ञानिक अभ्यास मात्र स्वतंत्रपणे व्हावा लागेल.

येथे एक उणी बाजूही नोंदवली पाहिजे. आकाशवाणीवर ‘ग्रामीण’ म्हणून जी बोली रूढ झाली ती बहुतांशी देशावरची. बोलीतील संवाद लिहिण्याचा जो संकेत त्यातून दृढ झाला, त्यात उत्तर कोकणच्या किनाऱ्याला जागा अपुरी होती. मालाडपासून वीस किलोमीटरवर बसलेला सामवेदी शेतकरी शेतीविषयक सल्ला ऐके, पण त्या सल्ल्यातला शेतकरी त्याच्यासारखा बोलत नसे. लहर घरात पोहोचली, बोली मात्र उलट दिशेने केंद्रापर्यंत गेली नाही.

१९९३ पासून मुंबईत एफएमवर खाजगी कार्यक्रम सुरू झाले आणि मध्यमलहरींचा श्रोता हळूहळू ओसरला. बाळ कुडतरकर २०१९ मध्ये निवर्तले. केंद्रांच्या दप्तरांत ज्या संहिता आणि कार्यक्रम-पत्रिका उरल्या असतील, त्यांची सूची करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांचे काम आहे. अभियंत्यांकडून ती अपेक्षा करू नये. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. वसई, नायगाव, नालासोपारा, विरार आणि अर्नाळा येथील सत्तरी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या स्मृती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्या मुलाखती त्यांच्या त्यांच्या बोलीतच घ्याव्यात. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की उत्तरही उद्घोषकाच्या थाटात येते. सामवेदीत विचारले तर टेकाडे भाऊजींची नक्कल ती माणसे कोणत्या शब्दांत करीत, हे कळू शकेल.