गारीफुना लोकांच्या गांवीं चार दिवस

भिंतीवरील जगाच्या नकाशासमोर उभें राहून रत्नागिरीवर बोट ठेवावें आणि तेथून तें सरळ पश्चिमेकडे सरकवीत न्यावें. अरबी समुद्र ओलांडला कीं अरबस्तानचा दक्षिण भाग लागतो. मग तांबडा समुद्र, मग एरिट्रियापासून मॉरिटानियापर्यंत पसरलेली आफ्रिका, आणि त्यापुढें विस्तीर्ण अटलांटिक महासागर. अँटिलीस बेटांच्या माळेंतून पार होऊन कॅरिबियन समुद्रहि संपला, कीं मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यास जेथें आपलें बोट टेकतें, तेथें जवळच हॉपकिन्स नांवाचें एक कोळ्यांचें गांव आहे. रत्नागिरीचा व त्याचा अक्षांश जवळजवळ एकच, सुमारें १७ अंश उत्तर. तेथेंहि नारळी आहेत, वाळूंत ओढून ठेवलेल्या होड्या आहेत, आणि दुपारच्या जेवणांत नारळाच्या रसांत शिजविलेली मासळी आहे.

या लेखांत आम्ही वाचकांस त्या गांवीं चार दिवसांच्या प्रवासास नेणार आहों. नकाशा व पुस्तकें हींच आपलीं वाहनें. एक दिवस गांवांत, एक समुद्रांत, एक अरण्यांत आणि शेवटचा पुन्हां गांवांत, असा बेत आहे. प्रवासभर एकच प्रश्न मनांत वागवावयाचा आहे: ज्या लोकांची भूमि हिरावून घेतली गेली, त्यांनीं आपलें म्हणून जें कांहीं होतें तें कसें राखलें, आणि आज तें राखण्यास काय लागतें?

पहिला दिवस : गांव आणि भाकरी

हॉपकिन्स हें गांव बेलीझ देशांत आहे. या देशास पूर्वीं ब्रिटिश होंडुरास म्हणत. १९७३ सालीं त्याचें नांव बदललें आणि ता. २१ सप्टेंबर १९८१ रोजीं तो स्वतंत्र झाला. उत्तरेस मेक्सिको, पश्चिमेस व दक्षिणेस ग्वातेमाला आणि पूर्वेस कॅरिबियन समुद्र, अशा त्याच्या सीमा आहेत. गांवास नांव मिळालें तें फ्रेडरिक हॉपकिन्स या बिशपांवरून. १९२३ सालीं नौका बुडून त्यांचा अंत झाला. जवळचें न्यूटाउन नांवाचें गांव वादळानें उद्ध्वस्त झाल्यावर तेथील माणसें इकडे आलीं व १९४२ सालीं हें गांव वसलें. पुढें १९६१ सालीं हॅटी नांवाच्या चक्रीवादळानें या देशाच्या किनाऱ्यावर मोठाच अनर्थ केला. त्यानंतर राजधानीसुद्धां समुद्रकांठाहून आंत हलवावी लागली. कोळी मात्र आपला कांठ सोडून गेले नाहींत.

येथील बहुतेक रहिवासी गारीफुना आहेत. त्यांचें मूळ स्थान सेंट व्हिन्सेंट हें बेट. त्यांच्या भाषेंत त्यास युरुमेन म्हणतात. परंपरा अशी सांगते कीं, सतराव्या शतकांत गुलाम म्हणून नेले जात असलेले आफ्रिकन लोक जहाज फुटून त्या बेटाच्या कांठास लागले. इतर बेटांवरील मळ्यांतून निसटलेले गुलामहि तेथें आश्रयास येत. बेटावरील मूळच्या कॅरिब लोकांनीं त्यांस आपल्यांत घेतलें आणि दोहोंच्या मिलाफांतून हा नवा समाज उदयास आला.

१७६३ च्या तहानें बेट इंग्रजांकडे गेलें. उंसाच्या मळ्यांसाठीं त्यांस तेथील सुपीक जमीन हवी होती, आणि जमीन ज्यांची होती ते ती देण्यास तयार नव्हते. जोसेफ शातोये हा त्यांचा पुढारी मार्च १७९५ मध्यें लढाईंत पडला. पराभवानंतर चार हजारांहून अधिक माणसें बालिसो नांवाच्या एका लहानशा ओसाड बेटावर डांबण्यांत आलीं. रोगानें व उपासमारीनें त्यांतील सुमारें निम्मीं तेथेंच मेलीं. जीं उरलीं त्यांस जहाजांत घालून एप्रिल १७९७ मध्यें होंडुरासच्या किनाऱ्याजवळील रोआतान बेटावर उतरविण्यांत आलें. त्यांची संख्या सुमारें दोन हजार होती. आज होंडुरास, ग्वातेमाला, निकाराग्वा व बेलीझ या चार देशांत जे गारीफुना राहतात, ते या दोन हजारांचे वंशज होत. बेलीझच्या किनाऱ्यावर त्यांची मोठी टोळी ता. १९ नोव्हेंबर १८३२ रोजीं उतरली, असें मानतात.

या प्रवासांत त्यांनीं बरोबर काय आणलें? वृद्ध बायका सांगतात कीं, आमच्या पूर्वजांनीं कसाव्याचे तुकडे वस्त्रांत लपवून आणले. कसावा हें एक कंदमूळ आहे. ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, तोच हा कंद; तेव्हां उपासाच्या दिवशीं आपणांपैकीं पुष्कळांची त्याच्याशीं गांठ पडलेली आहेच. त्याची कडू जात मात्र विषारी असते. ती खाण्याजोगी करण्याची कृति पाहण्यासारखी आहे. प्रथम कंद सोलून, ज्या लांकडी फळींत बारीक खडे बसविले आहेत अशा किसणीवर तो किसतात. ओला कीस मग रुगुमा नांवाच्या लांब, वेताच्या विणलेल्या नळींत भरतात. ही नळी आढ्यास टांगून तिच्या खालच्या टोकास ओझें लाविलें कीं, ती ताणून बारीक होते आणि विषारी रस पिळून खालीं गळतो. उरलेला कोरडा कीस चाळून मोठ्या तव्यावर पसरतात. त्याची पातळ, कडक भाकरी होते. तिला एरेबा म्हणतात. ती कोरड्या जागीं महिनोन्‌महिने टिकते. म्हणून समुद्रावर जाणाऱ्या माणसास तिच्यासारखी शिदोरी नाहीं.

हें काम एकटीच्यानें होत नाहीं. किसणाऱ्या बायका गाणीं म्हणतात, आणि गाण्याच्या तालावर हात चालतात. आज किसण्यासाठीं यंत्रें आलीं आहेत; श्रम वांचतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण किसतांना म्हणावयाचें गाणें मुलींच्या कानीं आतां कोठून पडावें, हा प्रश्न त्या यंत्रानें नवा उत्पन्न केला आहे.

दुसरा दिवस : प्रवाळांची भिंत

दुसऱ्या दिवशीं पहांटे होडींतून निघावें. किनाऱ्यापासून बरेंच दूर गेल्यावर समोर पांढऱ्या फेसाची एक लांबलचक रेघ दिसते. बाहेरच्या महासागराच्या लाटा तेथें आपटून फुटतात व आंतील पाणी तळ्यासारखें शांत राहतें. ही बेलीझची प्रवाळभिंत. तिची लांबी सुमारें ३०० किलोमीटर असून ती मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत गेलेल्या त्याहून मोठ्या प्रवाळरांगेचा भाग आहे.

ही भिंत कोणीं बांधली? टांचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या जीवांनीं. प्रवाळाचा जीव समुद्राच्या पाण्यांतून चुना घेऊन आपल्याभोंवतीं घर करतो. तो मेला कीं घर तसेंच राहतें आणि त्यावर पुढील पिढी आपलें घर बांधते. हजारों वर्षें हा क्रम चालून भिंत उभी राहते. म्हणून एवढ्या प्रचंड भिंतीचा जिवंत भाग म्हणजे वरचा एक पातळ थर. खालीं सगळी पूर्वजांचीं घरें. वरचा थर मेला तर भिंत त्याच दिवशीं पडत नाहीं. दुरून ती पूर्वीसारखीच दिसते. पण तिची वाढ खुंटते, आणि लाटा व समुद्रांतील पोखरणारे जीव तिला हळूहळू झिजवून टाकतात.

या जीवांच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानास देतें, आणि प्रवाळांचे बरेचसे रंगहि त्याच्यामुळेंच. पाणी फार तापलें कीं ही मैत्री तुटते. शेवाळ बाहेर टाकलें जातें, प्रवाळ पांढरें पडतें आणि ताप लवकर न उतरल्यास उपासमारीनें मरतें. १९९८ सालीं बेलीझमध्यें असें मोठ्या प्रमाणावर घडलें.

युनेस्को या संस्थेनें १९९६ सालीं या भिंतीस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. पण किनाऱ्यावरील खारफुटी तोडली जाऊं लागली आणि समुद्रांत तेल शोधण्याचे बेत निघाले, तेव्हां २००९ सालीं तिचें नांव धोक्यांतील वारशांत घालण्यांत आलें. लोक स्वस्थ बसले नाहींत. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर २०१० च्या अखेरीस बंदी आली. २०१७ सालीं बेलीझच्या समुद्रांत तेलाचा शोध थांबविणारा कायदा झाला. आणि २०१८ सालीं धोक्याच्या यादींतून तें नांव निघालें. कायद्यानें समुद्राचा ताप मात्र उतरत नाहीं. ती काळजी अद्याप आहेच.

तिसरा दिवस : अरण्य

तिसऱ्या दिवशीं समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे वळावें. ज्याचा कडा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसतो म्हणून ज्यास कॉक्सकोम म्हणतात, त्या डोंगराच्या पायथ्याशीं घनदाट पर्जन्यारण्य आहे. जग्वार हा अमेरिकेंतील सर्वांत मोठा मार्जारवर्गीय पशु येथें राहतो. त्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येकाची निराळी असते. ॲलन रॅबिनोविट्झ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९८३ पासून येथें राहून त्याचा अभ्यास केला. १९८४ सालीं येथील शिकार बंद झाली, १९८६ सालीं अरण्याचा एक भाग अभयारण्य झाला आणि १९९० सालीं त्याची हद्द पुष्कळ वाढविण्यांत आली.

पण या कथेची दुसरी बाजूहि मुलांनीं जाणावी. त्या खोऱ्यांत माया लोकांचीं कांहीं कुटुंबें शेती करून राहत होतीं. अभयारण्यासाठीं त्यांस तेथून बाहेर पडावें लागलें. अरण्याच्या वेशीवरील माया सेंटर या गांवांत तीं वसलीं. पुढें त्यांच्यांतीलच कित्येक रक्षक व वाटाडे झाले, आणि बायका हस्तकलेच्या वस्तू करून विकूं लागल्या. जग्वार वांचला हें खरें. त्याची किंमत कोणीं दिली, हेंहि खरें.

अरण्याचा आणि कालच्या समुद्राचा संबंध काय, असें कोणी विचारील. डोंगरावर पडणारा पाऊस झाडांच्या मुळांतून जिरून स्वच्छ होऊन नदींत येतो. नदीच्या मुखाशीं खारफुटी उरलासुरला गाळ धरून ठेवते. तेथील मुळांच्या आडोशास माशांचीं पिलें वाढतात व मोठीं होऊन प्रवाळांकडे जातात. झाडें तोडलीं तर माती वाहून समुद्रांत जाते, पाणी गढूळ होतें आणि प्रकाशावांचून प्रवाळ गुदमरतें. डोंगरांतील कुऱ्हाडीचा घाव असा समुद्रापर्यंत पोंचतो, आणि शेवटीं तो कोळ्याच्या ताटांत उमटतो.

चौथा दिवस : ढोल आणि भाषा

अरण्यांतील महोगनीसारख्या झाडाचा ओंडका कोरून त्यावर हरणाचें कातडें ताणलें कीं गारीफुनांचा ढोल होतो. ढोल दोन असतात. मोठा ढोल अखंड एकच ठेका धरतो. लहान ढोल त्यावर मनसोक्त खेळतो. नाताळच्या दिवसांत वानाराग्वा नांवाचें मुखवट्यांचें नृत्य असतें. त्यांत नर्तक गुडघ्यांना शिंपल्यांच्या माळा बांधतात व गोऱ्या मळेवाल्यांची थट्टा करतात. अन्यत्र नर्तक ढोलाच्या तालावर नाचतो. येथें ढोल वाजविणारा नर्तकाच्या पायांकडे पाहून वाजवितो.

त्यांची भाषा तर इतिहासाचें पुस्तकच आहे. ती आरावाक या अमेरिकेच्या मूळच्या भाषाकुलांतील. बोलणारांच्या रक्तांत आफ्रिका आहे. आणि एक, दोन, तीन हे अंक जुन्या शब्दांनीं मोजून चारपासून पुढें ते फ्रेंचवरून घेतलेल्या शब्दांनीं मोजतात. सेंट व्हिन्सेंटवर फ्रेंचांशीं जो व्यापार झाला, त्याची ही नोंद कोणत्याहि वहींत नसली तरी मुलांच्या तोंडीं राहिली.

पण आज शाळेची भाषा इंग्रजी आहे, बाजारांत क्रिओल व स्पॅनिश चालतात, आणि पोटासाठीं पुष्कळ कुटुंबें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं आहेत. ज्या गांवांत ही भाषा अधिक काळ टिकली त्यांपैकीं हॉपकिन्स एक. तरी तेथेंहि आजीनें गारीफुनांत विचारावें व नातवानें दुसऱ्या भाषेंत उत्तर द्यावें, हें नवल राहिलें नाहीं. बारांको गांवीं १९६० सालीं जन्मलेला अँडी पालासिओ हा गायक तरुणपणीं साक्षरतेच्या कामासाठीं निकाराग्वांत गेला. तेथील गारीफुना वस्तींत त्यास आढळलें कीं भाषा थोड्याशा म्हाताऱ्यांच्या तोंडींच उरली आहे. आपल्या घरींहि उद्यां हेंच होईल, या जाणिवेनें त्यानें पुढें आपल्याच भाषेंत गाण्याचा निश्चय केला. २००७ सालीं निघालेला त्याचा ‘वातिना’ हा गीतसंग्रह जगभर ऐकला गेला. त्या शब्दाचा अर्थ ‘मी हांक मारली’ असा आहे. पुढच्याच वर्षीं, जानेवारी २००८ मध्यें, तो वारला.

हांकेला ओ देणारेहि निघाले. टी. व्ही. रामोस यांनीं १९४१ सालीं सुरू केलेला आगमनदिन १९७७ पासून सर्व देशाची सुटी झाला आहे. त्या दिवशीं पहांटे होड्या समुद्रांतून येतात, त्यांत कसाव्याचीं रोपें व ढोल असतात, आणि कांठावरचे लोक त्यांस उतरवून घेतात. २००१ सालीं युनेस्कोनें त्यांची भाषा, नृत्य व संगीत यांचा गौरव केला. २००७ सालीं डांग्रिगा शहरांत गुलिसी नांवाची प्राथमिक शाळा निघाली. तेथें मुलें इतर विषयांबरोबर गारीफुना भाषाहि शिकतात. आमच्या मतें या सर्वांत मोठी गोष्ट ही शाळाच होय. सन्मानपत्र भिंतीवर टांगतां येतें. भाषा मात्र मुलांनीं बोलल्यावांचून राहत नाहीं. प्रवाळभिंतीप्रमाणें तीहि वरच्या थरांतच जिवंत असते, आणि भाषेचा वरचा थर म्हणजे शाळेंत जाणारीं मुलें.

प्रवास संपला; बोट पुन्हां रत्नागिरीवर आणावें. आपल्या मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळ आहे, आपल्या खाड्यांतहि खारफुटी आहे, आणि आपल्या घरींहि जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी आजी असेल. सुटींत विद्यार्थ्यांनीं एवढेंच करावें: तिच्याजवळ बसून, जे शब्द आपण ऐकले आहेत पण कधीं वापरले नाहींत, असे दहा शब्द लिहून घ्यावे, त्यांचे अर्थ विचारावे, आणि शाळा उघडण्यापूर्वीं प्रत्येक शब्द निदान एकदां तिच्याशींच बोलतांना वापरावा. पालकांनीं त्या वेळीं थोडा वेळ काढून शेजारीं बसावें. त्यांतील कांहीं शब्द त्यांसहि नवे वाटतील, असा आमचा अंदाज आहे.