विजेची मोटार व तिचा अडॅप्टर

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या दारीं आतां विजेवर चालणारी मोटार आली आहे. आमच्या शाळेंतील ज्या मुलांचे काका-मामा तिकडे राहतात, त्यांच्या घरीं या मोटारीची गोष्ट निघाल्यावांचून राहत नाहीं. आणि तींत एक प्रश्न पुनःपुन्हां येतो. जलद चार्जिंगसाठीं लागणारा अडॅप्टर मोटारीच्या कंपनीकडूनच घ्यावा, कीं तिऱ्हाईत कारखानदाराचा, स्वस्त मिळणारा घ्यावा? प्रश्न वरवर पाहतां केवळ खरेदीचा दिसतो. परंतु त्याचें बरेंचसें उत्तर आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतच आहे. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम अडॅप्टरची गरज कां पडली तें पाहूं. अमेरिकेंत जलद चार्जिंगचा प्लग पुष्कळ वर्षें एका नमुन्याचा नव्हता. टेस्ला कंपनीचा प्लग निराळा व आटोपशीर. इतर बहुतेक कंपन्यांचा सीसीएस नांवाचा, आकारानें मोठा. निस्सानच्या लीफ मोटारीचा जपानांतून आलेल्या चाडेमो पद्धतीचा. सन २०२२ च्या नोव्हेंबरांत टेस्लानें आपल्या प्लगाचा आराखडा सर्वांस खुला केला. २०२३ च्या मे महिन्यांत फोर्डनें व जूनमध्यें जनरल मोटर्सनें तो स्वीकारण्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनें जे-३४०० या नांवानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. २०२४ च्या फेब्रुवारी-अखेर फोर्डच्या मोटारींना टेस्लाचीं सुपरचार्जर स्टेशनें खुलीं झालीं. पण तोंवर रस्त्यावर आलेल्या लाखों मोटारींचें तोंड सीसीएसचें होतें. त्यांच्या मालकांना मोटारीच्या कंपनीकडून अडॅप्टर मिळण्यास विलंब होऊं लागला, तेव्हां तिऱ्हाईत कारखानदारांचें चांगलेंच फावलें.

आतां खऱ्या विषयाकडे वळूं. बॅटरींत सांठणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे डी. सी. असते. घरीं रात्रभर मोटार लावून ठेवतात तेव्हां घरची ए. सी. वीज मोटारींतील यंत्र पालटून घेतें, व तें काम सावकाश चालतें. जलद चार्जिंगच्या वेळीं हें यंत्र बाजूस राहतें आणि स्टेशनांतून डी. सी. वीजच थेट बॅटरींत जाते. हा प्रवाह शेंकडों अँपिअरचा असतो. विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधानें गुणिलें असतां मिळते. समजा, दोन धातूंचा स्पर्श जेथें होतो तेथील रोध ओहमच्या केवळ हजाराव्या भागाइतका आहे. घरच्या ३२ अँपिअरला तेथें सुमारें १ वॉट उष्णता होईल. ती कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. त्याच जागीं ४०० अँपिअर सोडा. उष्णता १६० वॉट होते! प्रवाह वाढला साडेबारा पट, उष्णता वाढली दीडशेंहून अधिक पट. जुन्या पद्धतीच्या शंभर वॉटच्या दिव्याला ज्यानें चुकून हात लावला असेल, त्याला मुठीएवढ्या प्लास्टिकच्या पोटांत १६० वॉट म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. शिवाय अडॅप्टर मध्यें आला म्हणजे अशा सांध्यांची संख्या दोनांवरून चारांवर जाते.

यावरून स्वस्त मालांत काय वांचविलें जातें याची कल्पना येईल. तांबें कमी, चांदीचा मुलामा पातळ, खिळांची पकड ढिली. आणि यांपैकीं एकही गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाहीं. दिसतो तो वेष्टनावरचा "५०० अँपिअर" हा ठसठशीत आंकडा. तो आंकडा किती मिनिटांसाठीं व हवेच्या किती उष्णतेंत खरा, हें विचारल्याशिवाय त्याला आम्ही फारशी किंमत देणार नाहीं. उष्णता मोजण्याची सोय स्टेशनच्या प्लगांत व मोटारीच्या तोंडाशीं सामान्यतः असते. परंतु मधल्या तुकड्याच्या पोटांत काय चाललें आहे, तें दोघांनाही उशिरां कळतें. म्हणून अति तापल्यास चार्जिंग थांबविणारी कळ ज्याच्या स्वतःच्या आंत आहे तोच अडॅप्टर पसंत करावा.

दुसरी गोष्ट कडीची. ए. सी. प्रवाह अमेरिकेंत सेकंदास १२० वेळां शून्यावर येतो. त्यामुळें प्लग उपसतांना पडलेली ठिणगी विझण्यास संधि मिळते. डी. सी. प्रवाहाला असा विसांवा नाहीं. चालू प्रवाहांत सांधा सुटला तर विजेची ज्योत हवेंतून तशीच जळत राहते, व ती हात भाजूं शकते, आगही लावूं शकते. मोटार अडॅप्टरला धरून ठेवते खरी, परंतु अडॅप्टरनेंही स्टेशनचा प्लग चार्जिंग संपेपर्यंत सुटूं न देणें अवश्य आहे. ही दुसरी कडी नसेल तर तो अडॅप्टर फुकट मिळाला तरी घेऊं नये.

मोटार व स्टेशन यांचें आपसांत बोलणेंही होत असतें. टेस्लाचीं नवीं स्टेशनें सीसीएसची भाषा बोलतात, म्हणून तेथें लागणारा अडॅप्टर मुका असला तरी चालतो. दुसऱ्या पिढीचीं जुनीं स्टेशनें ती बोलत नाहींत, तेथें कोणताही असा अडॅप्टर निरुपयोगी. चाडेमोची भाषा मात्र अगदींच वेगळी. त्यामुळें लीफला सीसीएस स्टेशनाशीं जोडणाऱ्या अडॅप्टरच्या पोटांत दुभाषा म्हणून एक छोटा संगणक बसविलेला असतो. तो घेणाऱ्यानें कारखानदार पुढेंही त्याची दुरुस्त आज्ञावली पुरवील कीं नाहीं, हें अवश्य पाहावें.

अडॅप्टरनें वेग वाढत नाहीं. तिसऱ्या पिढीचें सुपरचार्जर सुमारें ५०० व्होल्टांपर्यंत दाब देतें. ८०० व्होल्टांच्या वर्गांतील मोटार तेथें मंदच भरणार.

कसोटीविषयीं दोन शब्द. यूएल या अमेरिकन संस्थेनें अशा अडॅप्टरांच्या सुरक्षिततेसाठीं यूएल २२५२ हें प्रमाण ठरविलें आहे. "या प्रमाणास अनुसरून बनविलेला" आणि "या प्रमाणानें तपासून दाखला मिळालेला" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, व विक्रेते त्याचा पुरेपूर फायदा घेतात. दाखला खरा असेल तर तपासणाऱ्या संस्थेच्या यादींत त्या मालाचें नांव सांपडतें, तें शोधावें. कंपनीचा माल म्हणजे निर्दोषच असें मात्र कोणीं समजूं नये. २०२४ च्या ऑक्टोबरांत फोर्डला आपण दिलेल्यांपैकीं कांहीं अडॅप्टर वापरूं नयेत असें मालकांस कळवून ते बदलून द्यावे लागले. फरक एवढाच कीं, तेथें बदलून देणारा कोणी तरी होता. मोटारीच्या कंपनीचा अडॅप्टर मिळत असेल तर थोडे अधिक डॉलर देऊन तोच घ्यावा, असें आमचें मत आहे. तिऱ्हाइताचा घेणें भागच पडल्यास दाखला, कडी व उष्णतेची कळ पाहून घ्यावा. आणि त्यापूर्वीं मोटारीची पुस्तिका उघडून, अशा अडॅप्टरनें बिघाड झाल्यास हमी टिकते कीं नाहीं, हें वाचावें.

आपल्याकडील पालकांना या खटाटोपाचें सहसा कारण नाहीं. येथील बहुतेक नव्या मोटारी व जलद स्टेशनें सीसीएस-२ या एकाच नमुन्याचीं आहेत. अमेरिकेंतील सीसीएस-१ चा प्लग त्यांत बसत नाहीं. तेव्हां सुटींत येणाऱ्या मामांना तिकडचा अडॅप्टर आणावयास सांगूं नये.