संगणक परिषदेसाठी शोधनिबंध : पाठविण्यापूर्वीचा विचार

मार्च १९८३ मध्ये अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांची एक समिती, आलेले ८३ शोधनिबंध वाचून, निर्णयासाठी एकत्र बसली. यंत्र आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून दोहोंचा कारभार पाहणारी जी व्यवस्था, ती ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ होय. या विषयाला वाहिलेल्या आणि ‘सॉस्प’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिषदेचे ते नववे अधिवेशन होते. ८३ पैकी १६ निबंध स्वीकारण्यात आले. ६७ परत गेले. परिषदांच्या इतिहासात यात नवल असे काही नाही. परंतु समितीचे दोघे अध्यक्ष, रॉय लेव्हिन आणि डेव्हिड रेडेल, तेवढ्यावर थांबले नाहीत. निबंधांत वारंवार आढळलेल्या उणिवा ध्यानात घेऊन त्यांनी त्याच वर्षी एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. चाळीस वर्षे उलटून गेल्यानंतर आजही तो शोधविद्यार्थ्यांच्या हाती आवर्जून दिला जातो.

इतर बहुतेक शास्त्रांत परिषद ही चर्चेची जागा आणि नियतकालिक ही अंतिम प्रसिद्धीची जागा मानली जाते. संगणक यंत्रणांच्या क्षेत्रात मात्र परिषदेतील निबंधालाच पहिला मान आहे. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ची माहिती जाणकारांपुढे प्रथम ठेवली ती ऑक्टोबर १९७३ मध्ये, ‘सॉस्प’च्याच चौथ्या अधिवेशनात, छापील नियतकालिकात ती पुढल्या वर्षी आली. हजारो साध्या यंत्रांवर माहितीचा प्रचंड साठा सांभाळण्याची गूगलची पद्धत २००३ साली याच परिषदेत मांडली गेली. साहजिकच येथील स्वीकृतीवर संशोधकाची पदवी, नोकरी आणि पुढील अनुदान पुष्कळ अंशी अवलंबून असते. १९६७ पासून एक वर्षाआड भरणारी ही परिषद २०२४ पासून दरवर्षी भरू लागली आहे. १९९४ साली सुरू झालेली ‘ओएसडीआय’ ही तिच्याच तोलाची दुसरी परिषद होय.

निबंध पाठविण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. परिषदेचे आवाहन प्रसिद्ध होते, त्यात विषय, पृष्ठसंख्या व मुदत दिलेली असते. पुष्कळदा शीर्षक व गोषवारा काही दिवस आधी नोंदवावा लागतो, म्हणजे कोणत्या परीक्षकाकडे काय द्यावे हे समितीला ठरविता येते. मोठ्या परिषदांत निबंधाला साधारणपणे बारा पृष्ठांची मर्यादा असते. संदर्भसूची त्यात धरली जात नाही. अक्षरांचा आकार किंवा समास कमी करून तेरावे पान बाराव्यात कोंबणारे लेखक दरवर्षी निघतात आणि त्यांचा निबंध न वाचताच बाजूला पडू शकतो. मुदतीच्या वेळेबाबतही भारतीय लेखकाने सावध असावे. अनेक परिषदा ‘पृथ्वीवर कोठेही तो दिवस संपेपर्यंत’ अशी मुदत देतात. भारतीय वेळेनुसार ती दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. ही जादा सवड नकाशे व आलेख दुरुस्त करण्यास उपयोगी पडते. नवे प्रयोग त्या घाईत करू नयेत.

एकच निबंध एकाच वेळी दोन परिषदांकडे पाठविणे हा गंभीर दोष समजला जातो. दोन्ही ठिकाणच्या परीक्षकांत एखादे नाव समान असते आणि गोष्ट उघडकीस येते. तसेच, आपले मार्गदर्शक, आपल्या संस्थेतील सहकारी, अलीकडचे सहलेखक यांपैकी कोणी समितीवर असल्यास ते आरंभीच कळवावे लागते.

पुष्कळ परिषदांत लेखकाचे नाव परीक्षकांपासून गुप्त ठेवले जाते. नामांकित विद्यापीठाचा शिक्का पाहून मत झुकू नये, हा त्यामागील हेतू. लहान गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात काम करणाऱ्या संशोधकाला या नियमाइतके संरक्षण दुसऱ्या कशाचे नाही. तरीही तो पाळण्यात चुका होतात. पहिल्या पानावरील नाव काढले जाते, पण आभाराचा परिच्छेद राहून जातो. आकृतीतील संगणकाच्या पडद्यावर महाविद्यालयाचे नाव दिसत राहते. ‘आम्ही आमच्या पूर्वीच्या निबंधात दाखविल्याप्रमाणे’ असे वाक्य तसेच राहते. स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख दुसऱ्या कोणाच्या कामासारखा, तृतीय पुरुषी करावा.

हे झाले बाह्य नियम. लेव्हिन व रेडेल यांचे प्रश्न अधिक खोल जातात. यात नवीन काय, आणि ते नवीन आहे हे लेखकाला कशावरून कळले? ज्या पूर्वीच्या कामांचा उल्लेख केला ती त्याने प्रत्यक्ष वाचली आहेत काय? वर्णन केलेली यंत्रणा खरोखर बांधली आहे की ती अजून कागदावरच आहे? बांधली असल्यास तिचा वापर कोणी केला आणि त्यातून काय दिसून आले? दुसरे कोणते मार्ग होते व ते का सोडले? आणि या सर्वांतून वाचकाने कोणता धडा घ्यावा?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. दोन-तीन वर्षे खपून विद्यार्थ्याने एखादी यंत्रणा उभी केलेली असते. प्रत्येक भाग त्याच्या जिवाभावाचा असतो, म्हणून निबंधात तो सर्व भागांची क्रमवार वर्णने देतो. परीक्षकापुढे मात्र त्याच आठवड्यात असे अनेक निबंध असतात. एखाद्या इमारतीची प्रत्येक वीट मोजून दाखवावी आणि ती कशासाठी बांधली हे सांगावयाचे राहून जावे, तशी या निबंधाची गत होते. ती यंत्रणा उद्या कोणी वापरली नाही, तरी दुसऱ्या यंत्रणेच्या रचनाकाराला उपयोगी पडेल असे काय त्यात सापडले, हे पहिल्या दोन पानांत यावयास हवे. अनेक चांगली कामे परत येतात ती याच ठिकाणी अडून.

दुसरी कसोटी मोजमापाची. ‘आमची पद्धत वेगवान आहे’ या वाक्याला परीक्षकाच्या लेखी किंमत नसते. कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रकारच्या कामावर, किती वेळा मोजले, दर वेळच्या आकड्यांत किती फरक पडला, हे नोंदवावे लागते. तुलना जुन्या, मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या पद्धतीशी करण्याचा मोह होतो. जाणकार परीक्षक तो तत्काळ ओळखतो. आपली पद्धत जेथे हरते तो प्रसंग लेखकानेच दाखविला, तर उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. स्वीकृत निबंधांचे लेखक आता आपला कार्यक्रम व मोजमापाची सामग्री स्वेच्छेने स्वतंत्र तपासणीसाठी देऊ शकतात. ‘सॉस्प’मध्ये २०१९ च्या अधिवेशनात अशी सोय होती.

पूर्वीचे काम वाचण्याची अडचण आपल्याकडे खरी होती, कारण महागड्या वर्गण्या भरणे महाविद्यालयांना परवडत नसे. ‘ओएसडीआय’ भरविणाऱ्या युसेनिक्स या संस्थेने २००८ पासून आपल्या परिषदांचे निबंध सर्वांस विनामूल्य खुले केले आहेत. भारतातच भरणाऱ्या परिषदाही आहेत. उच्चक्षमता संगणनाची ‘हायपीसी’ ही परिषद २०१२ साली पुण्यात भरली होती. स्वीकृत निबंध एका लेखकाने स्वतः जाऊन मांडावा अशी बहुधा अट असते. त्यामुळे परदेशी परिषद निवडताना प्रवासखर्च व व्हिसा यांचा विचार निबंध पाठवितानाच केलेला बरा. अनेक परिषदा विद्यार्थ्यांना प्रवासासाठी साहाय्य देतात. त्याचा अर्ज वेगळा असतो व त्याची मुदतही वेगळी असते.

निबंध परत आला तर सोबत परीक्षकांचे अभिप्राय येतात. काही अन्यायकारक वाटतात, क्वचित तसे असतातही. १९९१ साली सॅन अँटोनिओ येथील हायपरटेक्स्ट परिषदेने ‘वर्ल्ड वाइड वेब’वरील निबंध स्वीकारला नाही, टिम बर्नर्स-ली व त्यांचे सहकारी यांना तेथे केवळ प्रात्यक्षिक दाखविता आले. परंतु परीक्षकाला एखादा मुद्दा कळला नसेल, तर तो त्याला कोणत्या पानावर कळावयास हवा होता, हे लेखकाने शोधावे. बदल न करता तोच निबंध पुढल्या परिषदेकडे पाठविला, तर तो त्याच परीक्षकाच्या हाती पुन्हा पडण्याचा संभव असतो. या क्षेत्रातील माणसे मोजकी आहेत.